खंड किती दिवसांचा? पावसाच्या नोंदींतून कोरडे पट्टे काढताना

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्याची देशाची सरासरी २५४.९ मिलिमीटर, पडला १६२.७. म्हणजे ३६ टक्के कमी. मराठवाड्यात तेव्हा सोयाबीन फुलोऱ्यातून शेंगा धरण्याच्या बेतात होतं. पीकविम्याची आगाऊ रक्कम मिळणार की नाही, ही चर्चा पारापासून तहसीलपर्यंत एकाच आकड्याभोवती फिरत होती: सलग २१ दिवस. ज्या महसूल मंडळात पावसाचा खंड २१ दिवसांच्या पुढे गेला त्याचा विचार होणार, २० वर तुटला तर काय सांगावं, अशी धास्ती प्रत्येकाला होती.

लातूर भागातल्या आमच्या शेतकरी गटाचं हवामानाच्या नोंदींचं काम मी बघतो. गटाच्या मंडळांचा रोजचा पाऊस माझ्याकडे फाइलीत होता. तारीख, मंडळ, मिलिमीटर, एवढेच तीन रकाने. प्रत्येक मंडळात खंड कधी सुरू झाला, कधी संपला आणि किती दिवस टिकला, हे त्यातून काढायचं होतं. एका मंडळाचं एका हंगामाचं काम वहीवर होतं. पण मंडळं अनेक, मागची वर्षंही हवीत, आणि हिशेब असा हवा की कुणीही पुन्हा करून पाहावा नि तेच उत्तर यावं. म्हणून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा हाती घेतली.

आकड्यांच्या रांगेत एकच किंमत लागोपाठ किती वेळा आली हे शोधणं हे प्रोग्रामिंगमधलं जुनं काम. फॅक्स यंत्रं याच्यावरच चालत. कागदाच्या ओळीत इतके ठिपके पांढरे, मग इतके काळे, मग इतके पांढरे, अशा लांब्याच तारेवरून जायच्या. आर भाषेत तर यासाठी तयार फंक्शनच आहे, आरएलई नावाचं. पायथनच्या इटरटूल्स या तयार संचात ग्रुपबाय आहे, तेही लागोपाठच्या सारख्या किमतींची गाठोडी बांधून देतं. तक्त्यांवर काम करणारा पायथनचा संच म्हणजे पांडाज. त्यात मात्र या कामासाठी सरळ एक फंक्शन नाही. तिथं तीन पायऱ्यांची एक युक्ती वापरतात, आणि ती मला मनापासून आवडते. ती कळली की असले निम्मे प्रश्न सुटतात.

खऱ्या फाइलीला हात लावण्याआधी मी आठ दिवसांची एक रांग हातानं लिहिली. तिचं उत्तर डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे कोड बरोबर चाललाय का हे लगेच कळतं:

पाऊस: ० ० १२ ० ० ० ५ ०
कोरडा? हो हो नाही हो हो हो नाही हो
बदल? १ ० १ १ ० ० १ १
चढती बेरीज: १ १ २ ३ ३ ३ ४ ५

दुसऱ्या ओळीत प्रत्येक दिवसाला कोरडा की ओला हा शिक्का. तिसऱ्या ओळीसाठी तीच रांग एक घर खाली सरकवायची, त्याला पांडाजमध्ये शिफ्ट म्हणतात. मग प्रत्येक दिवसाची आदल्या दिवसाशी तुलना करायची. वेगळा असेल तर १, सारखा असेल तर ०. पहिल्या दिवसाला आदला दिवसच नाही, म्हणून तिथं आपोआप १ येतो. चौथ्या ओळीत त्या एक-शून्यांची चढती बेरीज, म्हणजे कमसम. बदल झाला की बेरीज एकानं वाढते, बदल नसेल तर तिथंच थांबते. म्हणजे प्रत्येक सलग पट्ट्याला आपोआप स्वतःचा क्रमांक मिळतो. आता त्या क्रमांकावर गट पाडायचे, प्रत्येक गटाचा पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि संख्या घ्यायची, ओले गट बाजूला काढायचे. उरतात २, ३ आणि १ दिवसाचे कोरडे पट्टे. वरच्या रांगेत बोटानं मोजून बघा, तेच निघतात.

लूप, म्हणजे एकेक दिवस घेऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहूनही हे होतं. मोजणी शून्यावर ठेवायची, कोरडा दिवस आला की एक वाढवायची, ओला आला की पट्टा यादीत टाकून पुन्हा शून्य. फक्त रांग संपल्यावर हातात उरलेला पट्टा यादीत टाकण्यासाठी लूपच्या बाहेर एक ओळ वेगळी लिहावी लागते. ती नसेल तर वरच्या उदाहरणातला शेवटचा एक दिवसाचा पट्टा गळतो. पावसाच्या कामात हा शेवटचा पट्टाच सगळ्यात महत्त्वाचा असतो, कारण आजही चालू असलेला खंड तोच. चढत्या बेरजेच्या रीतीत ही अडचण येत नाही, म्हणून मी तीच धरली.

इथवर काम सोपं होतं. पुढचं सगळं काम एका प्रश्नावर आलं: दोन दिवस ‘सारखे’ कधी म्हणायचे?

नोंदीतला पाऊस नेमका ० असेल तरच कोरडा धरला, तर ऑगस्टमधला एखादा भुरभुर पडल्याचा दिवस, ०.४ मिलिमीटरचा, खंड मोडून टाकतो. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकांमध्ये सलग कोरडे दिवस मोजताना मर्यादा १ मिलिमीटरची असते. म्हणजे १.८ मिलिमीटर पडलेला दिवस एका मापानं कोरडा, दुसऱ्या मापानं ओला. त्या एका दिवसापायी २३ दिवसांच्या एका खंडाचे १० आणि १२ असे दोन तुकडे होऊ शकतात. म्हणून मी मर्यादा कोडच्या पोटात गाडली नाही. ती सगळ्यात वर, नाव देऊन ठेवली आणि निकालाच्या प्रत्येक ओळीत छापली. ज्याला १ मिलिमीटरनं हिशेब हवा त्यानं तो आकडा बदलावा आणि पुन्हा चालवावं.

तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, फोनवर हे सांगितलं. त्यांची जमीन मुरमाड, माळाची.

“अडीच मिलीमीटर म्हंजे किती रं?” त्यांनी विचारलं.

“तात्या, सपाट जागी अडीच मिलिमीटर उंचीचं पाणी साचेल एवढा.”

“तेवढ्यानं ढेकूळ बी भिजत न्हाई. दुपारपर्यंत वाळून जातंय. त्याला पाऊस म्हनायचं?”

त्यांचं म्हणणं खरं आहे. भर उघडिपीत फुलोऱ्यातलं सोयाबीन दिवसाला साधारण ४ ते ५ मिलिमीटर पाणी ओढतं. ३ मिलिमीटर पाऊस त्याला एक दिवसही पुरत नाही. पण व्याख्येत तो पावसाचा दिवस आहे आणि खंड तिथं तुटतो. यावर मी बराच विचार केला. शेवटी दोन वेगळे रकाने केले. पहिला नियमाचा: २.५ मिलिमीटरला खंड तुटला म्हणजे तुटला. दुसरा शेताचा. त्यात दोन कोरड्या पट्ट्यांच्या मधला ओला पट्टा एकाच दिवसाचा असेल आणि त्यात ५ मिलिमीटरपेक्षा कमी पडलं असेल, तर तो कोरडाच धरून दोन्ही बाजू जोडायच्या. ही ५ ची रेघ आम्ही गटात बसून, हलक्या जमिनीचा विचार करून ठरवली आहे, कुठल्या सरकारी कागदातली नाही. कोडमध्ये हे दोन फेऱ्यांत होतं: पहिल्या फेरीत पट्टे काढायचे, मधले छोटे ओले पट्टे कोरडे म्हणून रंगवायचे, मग दुसऱ्या फेरीत पुन्हा पट्टे काढायचे.

हे दोन रकाने एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, यावर मी ठाम आहे. अर्जात नियमाचाच आकडा जायला हवा. शेताचा आकडा शेजारी दिसला पाहिजे, पण त्याच्या जागी नाही. एकदा का कुणी पाहिलं की आपण मधला पाऊस पुसून २० चे २६ केले, की मग खऱ्या २६ वरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र न सापडलेल्या दिवसांनी घेतला. स्वयंचलित हवामान केंद्राची बॅटरी उतरते, सिम कार्डाला रेंज नसते, आणि त्या दिवसाचा रकाना रिकामा राहतो. पांडाज तिथं नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’ ही खूण, ठेवतं. संगणकातल्या दशांश आकड्यांच्या आयईईई ७५४ या मानकानुसार नॅन कशाशीच बरोबर नसतो, स्वतःशीसुद्धा नाही. त्यामुळे थेट किमतींची तुलना केली तर तीन रिकामे दिवस लागोपाठ असूनही त्यांचे तीन वेगळे पट्टे होतात. त्याहून घातक गोष्ट पुढची. नॅन २.५ पेक्षा कमी आहे का, असं विचारलं की उत्तर येतं ‘नाही’. म्हणजे नोंद नसलेला दिवस गुपचूप ओला ठरतो आणि खंड मोडतो. केंद्र बंद पडलं म्हणून कागदावर पाऊस पडला!

हवामान विभागाची चौकटींची फाइल वापरली की याच्या अगदी उलट घडतं. पुण्याच्या कार्यालयाकडून देशभराचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींत मिळतो, १९०१ पासूनचा. त्यात जिथं आकडा नाही तिथं उणे ९९९ असतं. उणे ९९९ हे २.५ पेक्षा कमी आहे का? आहे. म्हणजे इथं नोंद नसलेला दिवस कोरडा ठरतो आणि खंड लांबतो. कोड एकच, फाइली दोन, आणि चूक दोन विरुद्ध दिशांना. ही गोष्ट ध्यानात आली तेव्हा मी बाकी सगळं थांबवून आधी हेच नीट केलं.

उपाय असा केला की दिवसाला दोन नव्हे, तीन शिक्के: कोरडा, ओला, माहीत नाही. प्रत्येक खंडाच्या दोन लांब्या काढल्या. माहीत नसलेले दिवस ओले धरून कमीत कमी लांबी, आणि तेच कोरडे धरून जास्तीत जास्त. दोन्ही सारख्या आल्या तर वाद नाही. कमीत कमी १७ आणि जास्तीत जास्त २३ आली, तर मधल्या रिकाम्या दिवसांचं काय झालं हे माणसानं जाऊन शोधायचं. कोडनं तिथं उत्तर द्यायचं नाही.

रिकामा रकाना निदान दिसतो तरी. काही फाइलींत त्या तारखेची ओळच नसते. ११ तारखेनंतर थेट १४. पट्टे काढणारा कोड शेजारच्या ओळी बघतो, तारखा बघत नाही, त्यामुळे ११ आणि १४ त्याच्या लेखी लागोपाठचे दिवस. म्हणून सुरुवातीलाच १ जून ते ३० सप्टेंबर अशी १२२ दिवसांची पूर्ण यादी तयार करून नोंदी त्यावर बसवायच्या, गाळलेले दिवस ‘माहीत नाही’ म्हणून आपोआप उभे राहतात. त्याच वेळी वर्ष आणि मंडळ यांवरही गट पाडायचे. तसं केलं नाही तर एका वर्षाचा सप्टेंबरअखेरचा कोरडा पट्टा पुढच्या वर्षीच्या जूनच्या कोरड्या पट्ट्याला चिकटतो, किंवा एका मंडळाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला. हंगामाच्या कडेला टेकलेल्या पट्ट्यांवर मी वेगळी खूण ठेवली, कारण त्यांची खरी लांबी आपल्याला दिसलेलीच नसते.

आता शून्यांबद्दल. पर्जन्यमापकातून लागोपाठ शून्य येणं म्हणजे खंड असेल, किंवा नरसाळ्यात पाला, कोळ्याचं जाळं, पाखराची विष्ठा अडकली असेल. स्वयंचलित केंद्रात बहुधा दोन कप्प्यांचं उलटणारं भांडं असतं. ठरावीक पाणी भरलं की ते कलंडतं आणि एक खूण नोंदवली जाते. वरून पाणीच उतरलं नाही तर ते कलंडत नाही, आणि बाहेर धो धो पडत असताना नोंदीत शून्य. पुरतं न तुंबता अर्धवट तुंबलं तर पाणी थेंब थेंब उतरत राहतं, आणि तासातासाच्या नोंदीत पाऊस थांबल्यावरही ०.५, ०.५, ०.५ अशी एकाच आकड्याची रांग दिसते. त्यामुळे पट्टे शोधणारा तोच कोड मी दुसऱ्या कामालाही लावला: बिघडलेलं यंत्र ओळखायला.

इथं कोरडा-ओला असा शिक्का न लावता मूळ आकड्यांवरच पट्टे काढायचे. तापमान दशांशासह सहा-सहा तास जसंच्या तसं राहिलं तर शंका घ्यायला जागा आहे. आर्द्रतेचं तसं नाही. संततधारेत किंवा दाट धुक्यात आर्द्रता १०० टक्क्यांवर तासन् तास टिकते, आणि ते खरं असतं. रात्रीचा शांत वारा ० वर बसून राहतो, तेही खरं. प्रत्येक मोजमापाला वेगळी मर्यादा लागते. सरसकट एकच मर्यादा लावली तर चांगल्या नोंदी कचऱ्यात जातात.

शून्यांच्या लांब पट्ट्यासाठी मी शेजारची केंद्रं बघतो. सात दिवसांहून मोठा प्रत्येक कोरडा पट्टा घ्यायचा आणि त्याच तारखांना आजूबाजूच्या मंडळांत किती पाऊस पडला ते शेजारी लिहायचं. शेजारी सगळीकडे कोरडं असेल तर निश्चिंत. शेजारी ४० मिलिमीटर आणि इथं शून्य, तर त्याच केंद्राची त्या दिवसाची आर्द्रता आणि तापमान काढायचं. भर दुपारी पारा एकदम उतरलाय, आर्द्रता शंभरीला टेकलीय आणि पाऊस मात्र शून्य, असं दिसलं की यंत्र उघडून बघा असा शेरा. पण पावसाळी ढग बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. म्हणून शेजारच्या आकड्यावरून मी एकही शून्य बदललं नाही. फक्त शेरा लिहिला.

मागच्या वर्षांशी तुलना करायला चौकटींची फाइल घेतली तेव्हा चढत्या बेरजेची रीत जड जायला लागली. ही फाइल १३५ गुणिले १२९ चौकटींची, म्हणजे १७,४१५ रांगा. तिथं नमपायवर, म्हणजे आकड्यांच्या जाळ्यांवर एकदम हिशेब करणाऱ्या पायथनच्या संचावर, एक साधी रीत कामाला आली. सगळ्या चौकटींसाठी एकच मोजणीची जाळी ठेवायची आणि एकेक दिवस पुढे जायचं: नवी मोजणी म्हणजे (जुनी मोजणी + १) गुणिले कोरडा. कोरडा असेल तर गुणाकार १ नं, म्हणजे मोजणी वाढते. ओला असेल तर ० नं, म्हणजे पुन्हा शून्य. प्रत्येक दिवशी आजवरची सर्वांत मोठी मोजणी दुसऱ्या जाळीत ठेवायची. हंगामाच्या शेवटी प्रत्येक चौकटीचा सर्वांत लांब खंड तयार. लूप फक्त १२२ वेळा फिरतो, चौकटी सगळ्या एकदम पुढे सरकतात. एक काळजी घ्यावी लागते: चौकटीतला आकडा आसपासच्या केंद्रांवरून काढलेला असतो, त्यामुळे एका मंडळाच्या पर्जन्यमापकाशी तो दिवसागणिक जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तुलना वर्षावर्षांची करावी, दाव्यासाठी मंडळाचीच नोंद घ्यावी.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेतली खंडाची व्याख्या दिवसांची नाहीच, आठवड्यांची आहे. मोसमी पाऊस येण्याच्या नेहमीच्या तारखेनंतर सलग तीन ते चार आठवडे, दर आठवड्याला सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस. त्यासाठी कोड बदलावा लागला नाही. ‘कोरडा दिवस’ या रकान्याच्या जागी ‘निम्म्याहून कमी आठवडा’ हा रकाना दिला, बाकी शिफ्ट, तुलना, चढती बेरीज तशीच. मोसमी पावसाच्या अभ्यासात एम. राजीवन आणि सहकाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमधला मोठा खंड ठरवताना तीन दिवसांची अट घातली. मध्य भारतातल्या पट्ट्याचा पाऊस प्रमाणित करून (म्हणजे सरासरीपासूनचा फरक नेहमीच्या चढउताराच्या, प्रमाण विचलनाच्या, मापात मांडून) तो उणे १ च्या खाली किमान सलग तीन दिवस राहिला पाहिजे. तिथंही तोच कोड चालतो, फक्त तीनपेक्षा आखूड पट्टे गाळायचे.

यादी तयार झाल्यावर गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचली. नुसते दिवस वाचले असते तर कुणी काही बोललं नसतं. तारखा वाचल्या म्हणून लोक बोलले. एका मंडळाचा खंड २२ ऑगस्टला तुटल्याचं यादीत होतं. मागून आवाज आला, “न्हाई, नागपंचमीच्या संध्याकाळी आला हुता, पोरी झोक्यावर हुत्या.” नागपंचमी २१ ला होती. दोघंही बरोबर होते. पावसाची दैनंदिन नोंद सकाळी साडेआठला, मागच्या २४ तासांची घेतात, म्हणून २१ च्या संध्याकाळचा पाऊस २२ च्या नावावर लागतो. सगळ्याच नोंदी या पद्धतीच्या असतील तर लांबी बदलत नाही, दोन्ही टोकं सारखीच सरकतात. पण काही स्वयंचलित नोंदी मध्यरात्र ते मध्यरात्र मांडलेल्या असतात. अशा दोन फाइलींचे दिवस एकाच रांगेत जोडले तर सांध्यावर एक दिवस कमी-जास्त होऊ शकतो. २० आणि २१ मध्ये तेवढंच अंतर आहे. त्या बैठकीनंतर मी सगळ्या तासांच्या नोंदी साडेआठ ते साडेआठ अशा पुन्हा बेरजा करून घेतल्या आणि पूर्ण यादी नव्यानं काढली.

आता यादीच्या प्रत्येक ओळीत हे येतं: मंडळ, पहिली तारीख, शेवटची तारीख, नियमाचे दिवस, शेताचे दिवस, कमीत कमी, जास्तीत जास्त, रिकामे दिवस, शेजारचा पाऊस, वापरलेली मर्यादा आणि शेरा. रुंद झाली आहे, आडव्या कागदावर छापावी लागते. त्याच बैठकीत कळलं की गटातल्या काहींच्या घरी काचेचं साधं पर्जन्यमापक आहे आणि ते रोज सकाळी खिशातल्या वहीत आकडा लिहितात. त्या वह्यांचे फोटो मागवले आहेत. ‘माहीत नाही’ असलेल्या दिवसांसमोर त्यांचा आकडा वेगळ्या रकान्यात, ज्याच्या शेतातला त्याच्या गटक्रमांकासह, भरायला घेतला आहे.